आईसाठी वॉटर फ्लॉसर घ्यावा की धाग्याचा फ्लॉसच सुरू ठेवावा?

नमस्कार.

माझी आई सोलापूरला असते. वय सत्तरीकडे झुकलेले, मधुमेह जुना, आणि खालच्या उजव्या बाजूची एक दाढ काढल्यानंतर तेथे तीन दातांचा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला जोडलेला कृत्रिम दात) बसवलेला आहे. गेल्या तपासणीत दंतवैद्यांनी तिच्या हिरड्या सुजल्याचे दाखवले आणि नुसत्या ब्रशने भागणार नाही, रोज रात्री दातांच्या फटीही साफ झाल्या पाहिजेत, असे निक्षून सांगितले. धाग्याचा फ्लॉस आणि पाण्याच्या फवाऱ्याचा वॉटर फ्लॉसर यांपैकी आमच्या घरी काय उपयोगी पडेल, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

धाग्याची अडचण आधी सांगतो. सुमारे ४५ सेंटिमीटर धागा तोडून दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थोडासा भाग ताणून धरायचा, तो हलक्या हाताने मागेपुढे करत दोन दातांमधून खाली उतरवायचा आणि मग एकेका दाताच्या कडेला लपेटून हिरडीच्या किंचित आतपासून वर ओढायचा, ही रीत मी तिला समोर बसवून दाखवली. पुढच्या दातांना ती हे नीट करते. मात्र संधिवातामुळे तिची बोटे आखडलेली असल्याने धागा घेऊन दाढांपर्यंत हात पोचत नाही, आणि शेंगदाण्याच्या चटणीचे कण, कणसाची साले, पेरूच्या बिया हे सगळे नेमके तेथेच अडकते. मग ती हाताला लागेल ती काडी घेऊन कोरत बसते, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते, कारण मधुमेहात हिरडीला झालेली जखम लवकर भरत नाही. दांडीला ताणून बसवलेल्या धाग्याचे पिकही आणून पाहिले. दाढांना ते बरे पडते, पण ब्रिजचे तिन्ही दात एकमेकांना जोडलेले असल्याने तेथे वरून धागा उतरवायला वाटच नाही.

वॉटर फ्लॉसर हे नवे फॅड असावे, अशी घरातल्या काहींची समजूत होती. प्रत्यक्षात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका दंतवैद्याने आणि एका अभियंत्याने मिळून १९६२ च्या सुमारास असे यंत्र तयार केले होते. अधिक शोधताना वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१९ चा आढावा वाचनात आला. त्यात ३५ चाचण्या आणि सुमारे ३,९०० प्रौढ व्यक्तींची माहिती तपासलेली आहे. ब्रशच्या जोडीला फ्लॉस किंवा फटींचे छोटे ब्रश वापरल्यास हिरड्यांची सूज नुसत्या ब्रशपेक्षा कमी होऊ शकते, आणि हे छोटे ब्रश धाग्यापेक्षा सरस ठरू शकतात, असे त्यात म्हटले आहे. पाण्याच्या फवाऱ्यानेही सूज काही प्रमाणात कमी होऊ शकते, पण दातांवरचा चिकट थर कमी झाल्याचे दिसले नाही. हे सर्व पुरावे कमी खात्रीचे आहेत, हेही तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. पुरावा कच्चा आहे म्हणून फटी साफच करू नयेत, असा अर्थ मी त्यातून काढत नाही. पण यंत्रावर दोन-चार हजार रुपये खर्च करण्यापूर्वी ते नेमके काय करते आणि काय करत नाही, हे कळले पाहिजे असे वाटते.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. फवाऱ्याने केवळ अडकलेले अन्न निघते, की हिरड्यांना खरोखर फायदा होतो? ब्रिजच्या खालचा भाग कशाने साफ करावा? फ्लॉस केल्यावर आईच्या हिरड्यांतून थोडे रक्त येते. अशा वेळी फवारा मारणे सुरक्षित आहे का? आमच्याकडे वापराचे पाणी बोअरचे आहे आणि नळाच्या तोट्यांवर सुद्धा क्षार साचतात, तर असल्या पाण्यात यंत्र टिकेल का? आणि चार्जिंगवर चालणारे हातात धरायचे यंत्र घ्यावे की टेबलावर ठेवायचे?

प्रतिसाद

मी दंतवैद्य आहे. आपण आईंची परिस्थिती इतकी नीट मांडली आहे की उत्तर देणे सोपे झाले आहे.

दातांवरचा थर चिकट असतो. तो घासून निघतो. धागा आणि फटींचा ब्रश हे काम थेट करतात, तर फवारा अन्नकण आणि सैल झालेला थर धुऊन काढतो. थर कडक होऊन त्याचे कीटण झाले, की मग यांपैकी कशानेही ते निघत नाही. ते दवाखान्यातच काढून घ्यावे लागते. आईंचे कीटण काढलेले नसेल तर आधी ते करून घ्या, नाहीतर कोणतेही साधन आणले तरी सूज तशीच राहील.

बोटे आखडलेली असताना रोज धाग्याचा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही. जे साधन रोज रात्री न कंटाळता हातात घेतले जाईल, तेच त्यांच्या उपयोगाचे. माझा सल्ला असा, की दाढांच्या फटींसाठी लांब दांडीचा फटींचा ब्रश घ्या आणि त्याचे माप आपल्या दंतवैद्यांकडूनच ठरवून घ्या, कारण तो फटीत अलगद पण घट्ट बसला पाहिजे, जोर लावून घुसवायचा नसतो. ब्रिजखाली वॉटर फ्लॉसर चांगला उपयोगी पडतो. तिथल्यासाठी एक टोक कडक आणि मधला भाग स्पंजसारखा असलेला सुपरफ्लॉसही मिळतो, पण तो कोणीतरी घालून द्यावा लागेल.

सुजलेल्या हिरड्यांतून सुरुवातीला रक्त येते, त्यामुळे साफसफाई थांबवू नये. सर्वांत कमी दाबावर, कोमट पाण्याने, बेसिनवर वाकून आणि ओठ सैल मिटून सुरुवात करावी. टोक हिरडीच्या रेषेशी काटकोनात धरून प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबावे. एक-दोन आठवड्यांत रक्त कमी झाले नाही तर दाखवावे. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल किंवा हृदयाची कृत्रिम झडप असेल, तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. रक्तातली साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांचा आजार वाढला की साखर आवरणे अवघड जाते, म्हणून शुगरचा ताजा रिपोर्टही तपासणीला सोबत न्यावा.

बोअरचे पाणी टाकीत घालू नका, पिण्याचे गाळलेले पाणी वापरा. प्रत्येक वेळी टाकी रिकामी करून कोरडी ठेवा आणि क्षार दिसू लागले तर यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने साफ करा. हातात धरायच्या यंत्रात पाण्याची टाकी मुठीतच असते, त्यामुळे ते जड होते, आणि पाणी लवकर संपत असल्याने मध्येच पुन्हा भरावे लागते. आखडलेल्या बोटांना टेबलावरच्या यंत्राची नळीला जोडलेली हलकी मूठ जास्त सोयीची पडेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

डॉक्टर, मनापासून आभार. मुठीच्या वजनाचा विचार मी केलाच नसता. कीटण काढून घेण्यासाठी या आठवड्यातच वेळ घेतो आणि ब्रशचे मापही तेव्हाच ठरवून घेतो. एकच शंका उरते: आमच्या बेसिनजवळ प्लग नाही, आणि ओल्या जागेत एक्स्टेंशन बोर्ड नेणे मला धोक्याचे वाटते. मग इलेक्ट्रिशियनकडून तेथे नवा पॉइंट काढून घ्यावा, की स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी, जेथे पॉइंट आधीच आहे, तेथेच यंत्र ठेवले तर चालेल?