समुद्रभिंतीमुळे माणूस वाचतो की गाफील राहतो?

सागर_दापोली

२०११ च्या त्सुनामीनंतर जपानने ईशान्य किनाऱ्यावर सुमारे ४०० किलोमीटर समुद्रभिंती उभारायचं ठरवलं. तारो गावातली नवी भिंत १४.७ मीटर उंच आहे, चार मजली घराएवढी. माझ्या मते हा पैसा चुकीच्या जागी गेला.

तारोचाच इतिहास बघा. १८९६ च्या त्सुनामीत गाव जवळजवळ पुसलं गेलं. १९३३ मध्ये पुन्हा ९०० हून अधिक माणसं गेली. मग गावाने जिद्दीने दहा मीटर उंचीची, एकूण २.४ किलोमीटर लांबीची भिंत बांधली. ११ मार्च २०११ ला ९.० क्षमतेचा भूकंप झाला आणि तीनच मिनिटांत जपानच्या हवामान खात्याने तारोच्या प्रांतासाठी तीन मीटर लाटेचा इशारा दिला. पुढे आकडा वाढवला, पण तोवर वीज गेलेली होती, अनेकांपर्यंत तो पोचलाच नाही. भिंत दहा मीटरची आणि लाट तीन मीटरची म्हटल्यावर घर सोडून कोण पळणार? पाणी भिंतीवरून आलं आणि दीडशेहून अधिक माणसं घेऊन गेलं.

मुलांना पळायला शिकवा, उंचावर जाणाऱ्या वाटा बांधा. भिंती नकोत.

मुग्धा_के

पूर्ण असहमत. तारोचं सांगितलंत आणि त्याच प्रांतातलं फुदाई सोडलंत! तिथले सरपंच वामुरा यांनी १९३३ ची प्रेतं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. नदीच्या मुखाशी साडेपंधरा मीटर उंचीचा दरवाज्यांचा बांध हवा, असा त्यांनी आग्रह धरला. एवढ्याशा गावाला एवढा खर्च कशाला, म्हणून विरोध झाला, पण ते मागे हटले नाहीत. १९८४ मध्ये काम पूर्ण झालं. २०११ ला लाट बांधावरूनही उसळली, तरी गाव वाचलं. बेपत्ता झाला तो एकच माणूस, जो बांधाबाहेर आपली होडी बघायला गेला होता. वामुरा तोवर हयात नव्हते. लोक त्यांच्या थडग्यावर फुलं वाहायला गेले.

दोष भिंतीचा नाही, पाच मीटर कमी बांधण्याचा आहे.

सागर_दापोली

मुग्धाताई, पाच मीटर कमी पडले हे लाट येऊन गेल्यावरच कळतं ना? १८९६ ला काही खोऱ्यांत पाणी ३८ मीटरपर्यंत चढलं होतं. तेवढी भिंत कुठे कुठे बांधणार? आणि हे दरवाजे लावायला जातं कोण? ठिकठिकाणी स्वयंसेवक अग्निशामक धावत गेले आणि त्यातले कितीतरी परत आले नाहीत.

कामाईशीचं बघा. ६३ मीटर खोल पाण्यात उभा केलेला जगातला सर्वांत खोल लाटरोधक बांध २००९ मध्ये पूर्ण झाला आणि दोन वर्षांत फुटला. शहरात हजारावर माणसं गेली. पण त्याच शहरातली उनोसुमाईची शाळकरी मुलं वाचली. त्यांची शाळा धोक्याच्या नकाशाबाहेर होती, तरी ती पळाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, तशी आणखी वर गेली. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले होते. नकाशावर विसंबू नका, सर्वांत आधी तुम्ही निघा, हे त्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं होतं.

स्थापत्य_नागपूर

कामाईशीचा बांध फुटला हे खरं, पण पुढचं सांगायला हवं. बंदर संशोधन संस्थेच्या गणितानुसार त्या बांधाने लाट सहा मिनिटं उशिरा आली आणि १३.७ मीटरऐवजी आठ मीटरवर आली. सहा मिनिटांत एक म्हातारा माणूस टेकडी चढतो.

आणि सवयीबद्दल. त्याच उनोसुमाईत आपत्ती निवारण केंद्राची एक इमारत होती. ते त्सुनामीसाठीचं ठरलेलं आश्रयस्थान नव्हतं, पण वयस्करांना लांब चढावं लागू नये म्हणून सराव तिथेच होत असे. सवयीप्रमाणे लोक तिथेच गेले. दीडशेहून अधिक जण त्या इमारतीत बुडाले. याला काय म्हणाल?

आनंदी_ठाणे

मी आजारी सासूबाईंची शुश्रूषा करते, म्हणून तुमचं 'पळा' मला फार खुपलं. २०११ च्या मृतांत जवळजवळ दोन तृतीयांश साठीच्या पुढचे होते. अंथरुणाला खिळलेल्याने कुठल्या वाटेने चढायचं? कुणाचीही वाट न पाहता आपापलं पळा, ही तिथली जुनी शिकवण मला समजते. घरातले सगळे एकमेकांना शोधत थांबतात आणि सगळेच जातात. पण ती शिकवण पाळणाऱ्याने आईला मागे ठेवलेलं असतं. भिंत निदान तिच्यासाठीही उभी असते.

निखिल_पुणे

सिमेउलुए आठवतंय का कुणाला? सुमात्राजवळचं हे बेट २००४ च्या भूकंपकेंद्राच्या अगदी शेजारी. १९०७ च्या लाटेची आठवण आजीआजोबांनी गाण्या-गोष्टींत जपली होती : जमीन हलली, समुद्र मागे गेला, की डोंगरावर. साधारण ७८ हजार वस्तीत सात माणसं गेली. भिंत एकही नव्हती. सागरशी सहमत.

मुग्धा_के

निखिल, सिमेउलुएला डोंगर घरामागेच आहे. सेंदाईचं मैदान सपाट, पाणी पाच किलोमीटर आत शिरलं. तिथे लोक वाचले ते मातीच्या भरावावरून जाणाऱ्या महामार्गावर चढून. तो भराव माणसानेच घातला होता.

सागर_दापोली

भराव चालेल, मुग्धाताई. त्यावर चढता येतं. समुद्र झाकणारी भिंत मला नको. पाणी मागे हटलंय हे तिच्यामागे उभं राहून दिसत नाही. केसेन्नुमाचे मच्छीमार याच कारणाने तिच्याविरुद्ध भांडले.

आणि डोंगर असूनही काय होतं ते ओकावा शाळेत दिसलं. टेकडी शाळेच्या मागेच होती. शिक्षक मुलांना घेऊन जवळजवळ पन्नास मिनिटं पटांगणात थांबले, कारण कुठे जायचं हे शाळेच्या आराखड्यात नेमकं लिहिलेलंच नव्हतं. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले. आधीच तयारी करणं हे शाळेचं आणि प्रशासनाचं काम होतं, असा उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. काँक्रीटच्या खर्चातला थोडा भाग जरी आधी या कामावर लागला असता, तरी माझं भांडण नव्हतं.

आनंदी_ठाणे

हे मान्य. पण त्या आराखड्यात उचलून न्याव्या लागणाऱ्यांची नावं आणि त्यांना कोण उचलणार त्यांची नावं, दोन्ही हवीत. ती नसतील तोवर मी भिंतीच्या बाजूने.