मदत हवी आहे : भाच्यासाठी रानातला चाकू – टीव्हीवरच्या नावाचा घ्यावा की साधा, दणकट?

जांबोटीचा मामा :

नमस्कार मंडळी,

माझा भाचा यंदा बारावी पास झाला. पोरगा डोंगरवेडा आहे. राजहंसगड त्याचा पाठ झालाय, आता चंदगडकडचे कलानिधीगड, पारगड सुरू झालेत. सुट्टीत आमच्या जांबोटीकडच्या शेतावर येऊन राहतो, काजूच्या बागेत बरोबरीनं राबतो. पास झालास की चांगला चाकू घेऊन देईन, असा शब्द मी त्याला दिला होता. आता तो मोबाइलवर जो चाकू दाखवतोय तो गर्बर कंपनीचा, टीव्हीवर रानात तगून दाखवणाऱ्या बेअर ग्रिल्सच्या नावाचा आहे. माझं मन काही त्यावर बसत नाही, आणि नुसतं 'नको' म्हणून त्याचा हिरमोडही करायचा नाही. म्हणून इथे विचारतोय.

त्याची ओढ मला कळते. 2019 मध्ये पंतप्रधान त्या माणसाबरोबर कॉर्बेटच्या जंगलात दिसले, 2020 मध्ये रजनीकांत, तेही आपल्या कर्नाटकातल्या बंदीपुरात. ते बघून त्या वयाच्या पोराला तसाच चाकू कमरेला हवासा वाटणार. शिवाय बरोबर येणारा सरंजाम भरपूर : म्यानात ठिणग्या पाडायची कांडी, धार लावायची पट्टी, दोरीला शिट्टी, मुठीच्या बुडाला ठोकायला लोखंडी टोपी, म्यानावर विमानाला खुणा कशा करायच्या त्याची चित्रं. पातं निम्मं सरळ, निम्मं करवतीसारखं दातेरी.

शिट्टी कुठंही मिळते, ठिणगीची कांडी वेगळी घेता येते. चाकूचं मोल पात्यात असतं, आणि ते पातं मुठीत किती खोल गेलंय त्यात असतं. नेमकं हेच पाकिटावरच्या फोटोत दिसत नाही. आमच्याकडे कोयता घेताना म्हातारी माणसं आधी मूठ पिळून बघतात, मग पातं दगडावर टिचकावून आवाज ऐकतात, आणि सगळ्यात शेवटी धारेला अंगठा लावतात. भाच्यानं हे सगळं पाहिलंय. तरी चाकूच्या बाबतीत तो नावाकडेच बघतोय, याचं वाईट वाटतं.

मी विचारून-वाचून जे जमवलंय ते मांडतो. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध आणि मुठीइतकंच रुंद गेलेलं असलं, तर त्याला फुल टँग म्हणतात. दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या लावून त्या रिव्हेटनं जखडतात. मूठ फुटली तरी पोलाद हातात राहतं. मुठीत नुसता बारीक गज गेलेला असला तर सगळा जोर पातं आणि मूठ यांच्या सांध्यावर येतो. पोकळ मुठीचे चाकू तर त्याहून कच्चे. 1982 साली आलेल्या एका अमेरिकन सिनेमात नायकाकडे पोकळ मुठीचा, पाठीला दाते असलेला सुरा होता. तो आर्कान्सातल्या जिमी लाइल या कारागिरानं हातानं घडवलेला, कामाला पक्का. पण पुढे त्याच्या स्वस्त नकलांचा पूर आला. मुठीत होकायंत्र, काड्या, मासे धरायचा गळ असं सगळं होतं, फक्त पातं मुठीत घट्ट बसलेलं नव्हतं.

नाव छापलं म्हणजे माल वाईटच, असंही मला म्हणायचं नाही. इंग्लंडचे रे मिअर्स टीव्हीवरचेच. त्यांनी आखलेला आणि ॲलन वुड या कारागिरानं घडवलेला चाकू ओ1 जातीच्या टूल स्टीलचा, फुल टँग, लाकडी मुठीचा. दाते नाहीत, हातोडी नाही. ग्रिल्सच्या नावाच्या चाकूंतही पुढे 'अल्टिमेट प्रो' हा फुल टँगचा प्रकार निघाला. भाच्याला हवाय तो आधीचा. त्यात ऑनलाइन हुबेहूब नकला इतक्या आहेत की अस्सल कोणता, हे घरबसल्या ओळखणं कठीण.

बजेट तीन हजारांपर्यंत. कामं अशी : दोरी कापणं, चुलीसाठी ढलप्या काढणं, मनगटाएवढं लाकूड फोडणं, तंबूच्या खुंट्या तासणं, कांदा-बटाटा चिरणं. झाडी तोडायला कोयता आहेच. या पैशांत बाहेरचा चांगला फुल टँग मिळतो का? आमच्या भागातल्या पावसात स्टेनलेस घ्यावं की कार्बन स्टील? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडच्या लोहाराकडून किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधून एकच नग करून घेता येईल का? कोणी करून घेतलाय?

एवढं खोलात जायचं कारण, रानात चाकू मोडतो तेव्हा हात जोरात असतो आणि तुटलेलं पातं अंगाकडेच येतं. पावसाळ्यात आमच्याकडे फोनला रेंज नसते, दवाखाना लांब. पोरगं माझ्या जबाबदारीवर येतं. मला त्याच्या हातात विश्वासाची वस्तू द्यायची आहे.

भट्टीवाला :

मामा, मी उद्यमबागेतच हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक करायच्या कामात आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. होतंय की, एक नगसुद्धा होतोय.

ट्रकच्या पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) पोलाद बहुतेक ईएन45 जातीचं असतं. त्यात कार्बन अर्धा टक्क्याच्या थोडा वर, शिवाय सिलिकॉन आणि मँगनीज. वाकून परत सरळ होणं हाच त्याचा गुण, त्यामुळं चाकू चिवट होतो. लोहार लोक जुन्या पाट्याचेच कोयते करतात ते उगाच नाही. फक्त एक सांभाळा : खूप चाललेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. पाण्यात किंवा तेलात बुडवताना त्या उघडतात, नाहीतर नंतर ऐन कामात. न वापरलेल्या पट्टीचा तुकडा मिळाला तर तोच घ्या.

चाकूचा जीव पाणी देण्यात, म्हणजे तापवून-बुडवून कडक करण्यात आहे. पातं लाल करून चुंबक लावायचं. साधारण 770 अंशांना ते चुंबकाला चिकटायचं बंद होतं. त्याच्या थोडं पुढं नेऊन गरम तेलात बुडवायचं. एवढ्यावर सोडलं तर पातं काचेसारखं ठिसूळ राहतं, पडलं तरी तुकडे. म्हणून लगेच परत 200 अंशांच्या आसपास तासभर तापवून त्याचा ताण काढायचा, त्याला टेंपरिंग म्हणतात. जुने लोहार हे रंगावरून करतात : घासलेल्या पोलादावर फिकट पिवळी झाक आली की थांबायचं. निळं झालं तर धार मऊ पडली समजा. अनुभवी हात असेल तर रंगावरचं कामही छान होतं. खात्री हवी असेल तर आकार लोहाराकडून काढून घ्या आणि पाणी द्यायला वर्कशॉपमध्ये द्या. त्याच जातीच्या मालाची बॅच लागली की एखादा तुकडा बरोबर टाकतात, ओळखीवर होतं हे काम. रॉकवेल मशीनवर कडकपणा मोजून मागा, 56 ते 58 आला पाहिजे.

स्टेनलेसचं मात्र लोहाराला सांगू नका. त्याला हजार अंशांच्या वर न्यावं लागतं आणि तापमान नेमकं धरावं लागतं, भात्याच्या भट्टीत ते जमत नाही. स्टेनलेसच हवं तर कारखान्याचं घ्या. स्वीडनच्या मोरा गावचे चाकू साधे, पण पोलाद आणि पाणी दोन्ही नेटकं. त्यांच्या 'कंपॅनियन'मध्ये पोलाद मुठीत पूर्ण जात नाही. तो कापायला, तासायला उत्तम, पण वरून ठोकून लाकूड फोडायला त्यांचाच 'गार्बर्ग' बघावा लागेल. तो फुल टँग आहे, पातं 3.2 मिलिमीटर जाड. तीन हजारांत बसणार नाही.

दातेऱ्या पात्याबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. दोरीला दाते चांगले. पण ते मुठीजवळ असतात, आणि तासायला सगळ्यात जास्त ताबा तिथंच लागतो. त्यात ते बोथट झाले की सपाट दगडावर धार लागत नाही.

कणकुंबीची माहेरवाशीण :

दादा, पावसाचं मी सांगते. आमच्याकडे जूनमध्ये भिंतीला ओल येते ती दसऱ्यापर्यंत जात नाही. कार्बन स्टीलचा चाकू एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून वापरायचा नाही असं नाही, विळे-कोयते सगळे तसलेच आहेत घरात. काम झालं की पुसायचा, चुलीजवळ सुकवायचा, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. काजूची फळं चिरली असतील तर आधी धुवायचा, नाहीतर पातं काळं पडतं.

मुठीला बाभूळ चांगली. लाकूड पक्कं सुकलेलं हवं, ओल्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात सैल होते. मूठ गुळगुळीत चमकवून घेऊ नका, पावसात हातातून निसटते. आणि मुलाच्या हाताच्या मापाची करा, तुमच्या नाही. त्याला लोहाराकडे घेऊन जा, ऐरणीपाशी उभं राहू द्या. माझ्या भावाला आमच्या आजोबांनी तसंच नेलं होतं, त्यानंतर त्यानं कधी कोयता उघडा टाकला नाही.

पायवाट :

चाकूबद्दल वरच्यांनी सांगितलं, मी कायद्याचं सांगतो, कारण हे पोरांना कोणी सांगत नाही.

शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू-सुरे शस्त्रांच्या वर्गात धरलेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. तुमच्या कामाला चार-साडेचार इंचांचं पातं पुरेसं आहे, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. तरी कमरेला लटकवून बसमध्ये किंवा बाजारात फिरू नये. सॅकच्या तळाशी, म्यानात, गुंडाळून ठेवावा.

खरी काळजी अभयारण्याची घ्या. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं आणि तुमच्या जांबोटी-कणकुंबीच्या अंगाचं बरंच रान त्यात आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 31 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकूही येतो. चार इंचांचा असो की नऊ. तिकडं जायचं असेल तर वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा आणि चाकू घरी ठेवा. तिथं लाकूड तोडायचं नसतं, चूल पेटवायची नसते, त्यामुळे त्याची गरजही पडत नाही. शेतावर आणि गडांवर वापरू दे.

जांबोटीचा मामा :

सगळ्यांचे मनापासून आभार. पायवाट, हे कलम मला ठाऊक नव्हतं. भाच्याला आजच वाचून दाखवलं.

ताई, तुमचं ऐकलं. काल त्याला घेऊन आमच्या लोहाराकडे गेलो. दरवर्षी पावसाआधी आम्ही खुरपी, कुदळी शेवटून, म्हणजे ठोकून धार काढून घेतो तेच घर आहे. भाच्यानं मोबाइलवरचा चाकू दाखवला. त्यांनी नीट बघितला, आणि पहिला प्रश्न विचारला : "मुठीच्या आत काय आहे?" भाच्याकडे उत्तर नव्हतं. मग दोघं बसून खडूनं फरशीवर आकार काढत राहिले. ठरलंय ते असं : पातं साडेचार इंच, जाडी चार मिलिमीटरच्या आत, दाते नाहीत, पाठ चौकोनी ठेवायची म्हणजे ठिणगीच्या कांडीवर घासता येईल. फुल टँग, बाभळीची मूठ, पितळी रिव्हेट. ठिणगीची कांडी आणि शिट्टी मी वेगळी मागवतोय, त्यामुळे स्वारी खूश आहे. पाणी द्यायला उद्यमबागेत देणार.

दोन गोष्टी उरल्या. म्यान कुणाकडून करून घ्यावं? आणि भट्टीवाले, काही कारणानं मशीनवर मोजणं जमलं नाही, तर पाणी नीट बसलंय हे घरी कसं ओळखायचं?

निपाणीकर :

म्यानासाठी चपला शिवणाऱ्या कारागिरांकडे जा की, आमच्या निपाणीत किंवा अथणीला. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे, तेच जाड कमावलेलं चामडं म्यानाला चालतं. धारेच्या बाजूला चामड्याची जादा पट्टी घालून शिवायला सांगा, नाहीतर पातं टाके कापत जातं. चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं आणि ओल धरतं, म्हणून पावसाळ्यात चाकू म्यानात ठेवून विसरायचा नाही. घरी आलं की म्यान वेगळं, चाकू वेगळा.

भट्टीवाला :

मामा, नवी बारीक कानस घ्या. पाणी दिल्यावर आणि टेंपरिंगच्या आधी धारेवर हलकी फिरवली तर ती घसरली पाहिजे, पोलाद धरता कामा नये. टेंपर झाल्यावर अगदी जोर दिला तरच जेमतेम लागेल. सहज किस निघाला तर पातं मऊ आहे, परत भट्टीत घालायला सांगा, मूठ बसवायच्या आधीच. मग धार लावून वाळलेल्या बाभळीच्या गाठीवर ढलप्या काढायच्या आणि उजेडात धार बघायची. धार चमकत असेल तिथं ती वळली आहे, म्हणजे पातं मऊ आहे, आणि खाच पडली असेल तर पातं जास्त कडक राहिलंय, टेंपरिंग थोडं वाढवावं लागेल. पट्टीचा तुकडा घेऊन या, बॅच कधी लागते ते निरोपात कळवतो.