ऑइल पंप जुनाच बसवावा की नवा घ्यावा?

प्रश्न (खानापूर): बेअरिंग घासल्यामुळे आमच्या उसाच्या ट्रॅक्टरचे इंजिन उघडले असून क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगला दिला आहे. बेअरिंगांना तेल पुरवणारा ऑइल पंप हाताने मोकळा फिरतो. तोच पुन्हा बसवावा का?

उत्तर (निपाणी): मोकळा फिरणे हा निकष नव्हे, झिजलेला पंप तर अधिकच मोकळा फिरतो. झाकण काढून गिअर व बॉडी यांमधील फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी आणि मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावी. झाकणाच्या आतून नख फिरवावे. ते चरात अडकले, तर दाब टिकणे कठीण.

उत्तर (बेळगाव): माझ्या मते मोजमापाचाही प्रश्न उरत नाही. तेल संपमधून (इंजिनच्या तळाच्या तेलटाकीतून) जाळीवाटे आधी पंपात जाते व नंतर फिल्टरमध्ये, त्यामुळे बेअरिंगचा बारीक चुरा गाळला जाण्यापूर्वीच गिअरमधून भरडला गेलेला असतो. त्यातला एखादा कण रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जादा दाब सोडणाऱ्या झडपेत) अडकून तो व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर तेलाचा दाब पडून नवी बेअरिंगेही जातील. क्रँकच्या खर्चापुढे पंपाची किंमत ती काय! तेलाच्या वाटा मात्र धुऊन घ्याव्यात आणि नवा पंप तेल भरूनच बसवावा.

प्रश्नकर्ता: झाकण काढले, तीन ठळक चर दिसले. नवाच घेतो.