पॅरिस ते रोम विमानाने : अंतर किती, वेळ किती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या मध्यावर आई-बाबांना घेऊन युरोपला जातोय. टूर कंपनी नको, असं घरात एकमताने ठरलं (बाबांना पहाटेचा वेक-अप कॉल मंजूर नाही), त्यामुळे सगळी जुळवाजुळव माझ्या गळ्यात. पॅरिसनंतर रोम, आणि गाडं तिथेच अडलंय.

अंतर एका ठिकाणी ११०० किमी दाखवतात, दुसरीकडे १४०० च्या वर. तिकिटावर वेळ २ तास ५ मिनिटं. विमान ताशी ८०० किमीने जातं, मग एवढा वेळ कसा? मधे कुठे थांबतं की काय? दुपारी दीडचं घेतलं तर त्याच संध्याकाळी कलोसियम निदान बाहेरून बघून होईल का? एक तिकीट बरंच स्वस्त मिळतंय, पण ते बोव्हे विमानतळावरून आहे. हॉटेल गार द लियाँ स्टेशनजवळ. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. रेल्वेने जावं का?

प्रतिसाद :
दोन्ही आकडे बरोबर आहेत. ११०० हवाई अंतर, १४०० रस्त्याचं. मधे आल्प्स आडवा आहे ना! तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. शार्ल द गोलसारख्या अवाढव्य विमानतळावर धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यातच १५-२० मिनिटं जातात. थेट विमान मधे कुठेही थांबत नाही. दोन्हीकडे घड्याळ एकच आणि दोन्ही शेंगेनमध्ये (आपसात पासपोर्ट तपासणी नसलेला युरोपीय देशांचा गट), त्यामुळे इमिग्रेशनची रांग नाही. पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा. आणि खिडकी घ्या, आभाळ मोकळं असलं तर आल्प्सची बर्फाळ शिखरं दिसतात.

बोव्हेच्या नादी लागू नका. नावाला पॅरिस, शहरापासून ८५ किमी. बसभाडं आणि बॅगेचे पैसे धरले की स्वस्ताई संपली. तुमच्या हॉटेलला पॅरिसचा ओर्ली विमानतळ सोयीचा. गार द लियाँहून मेट्रो १४ थेट ओर्लीला जाते, जेमतेम अर्धा तास, आणि या मार्गावर सगळीकडे लिफ्ट आहेत. २०२४ पासूनची सोय आहे, जुन्या ब्लॉगांत सापडणार नाही.

दुसरा प्रतिसाद :
रेल्वे मलाही आवडते, पण इथे नको. थेट गाडी नाही. मिलानपर्यंत सातेक तास, पुढे रोमला तीन, शिवाय मिलानमध्ये बहुधा एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर सामान ओढत जायचं. गुडघ्यांचा विचार करा.

कलोसियम जमेल. साडेतीनच्या सुमाराला रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतराल, सामान हातात यायला सव्वाचार. तिथून लिओनार्दो एक्सप्रेस ही रेल्वे ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनला पोचवते. हॉटेल तेर्मिनीजवळ घेतलंत तर मेट्रो बी ने दुसरंच स्टेशन कलोसियम. सूर्यास्त सव्वासातच्या पुढे. विमान तासभर लेट झालं तरी उजेड सापडेल.

धागाकर्ता :
मनापासून आभार. ओर्लीचं तिकीट काढतोय. आईसाठी व्हीलचेअर मागितली तर वेगळे पैसे पडतात का?

प्रतिसाद :
नाही. युरोपियन युनियनच्या नियमानुसार ही मदत मोफत आहे. फक्त निघायच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा. बुकिंग करतानाच खूण केलीत तर उत्तम. रोमला उतरल्यावरही मदत लागणार आहे, हे तेव्हाच सांगून ठेवा.