मदत हवी आहे: कॅथलिक लग्न चर्चऐवजी लॉनवर लागू शकतं का? (नागपूर)

संत्राबर्फी
दादाचं लग्न ठरलंय. होणारी वहिनी कॅथलिक, सदरची. आम्ही प्रतापनगरचे, हिंदू. दोन्ही घरांचा होकार आहे, घोडं अडलंय जागेवर. वहिनीच्या आईबाबांना लग्न फादरांनीच लावायला हवंय. आमची आई म्हणते, लावू देत, पण चर्चमध्ये नको. काटोल रोडला एक लॉन बघितलंय, सगळं तिथेच. बेत असा की सकाळी गुरुजींकडून सप्तपदी, संध्याकाळी त्याच मांडवात फादर, मग जेवणं. वहिनीलाही उघड्यावरचं लग्न आवडेल, पण फादरांना विचारायला ती बिचकतेय.

फादर लॉनवर येतात का? परवानगी कोणाची लागते? दादाला बाप्तिस्मा घ्यावा लागेल असं एक काका छातीठोकपणे सांगून राहिलेत, ते खरं का? ओळखीतल्या एका लग्नात पास्टर हॉटेलात आले होते, मग यांनाच काय अडचण, हा आईचा प्रश्न. लॉनवाला अ‍ॅडव्हान्ससाठी मागे लागलाय. त्यात डिसेंबरात अधिवेशन, पाहुण्यांसाठी खोल्या मिळायची मारामार.

वसईकर
काकांना सांगा, बाप्तिस्म्याची सक्ती नाही.

दोघंही कॅथलिक असते तर उत्तर सरळ होतं: पॅरिशचं, म्हणजे आपापल्या भागाचं, चर्च. दुसऱ्या चर्चमध्ये लावायचं तर फादरांची परवानगी पुरते, चर्चबाहेर लावायचं तर बिशपांची. हे कॅनन १११८ मध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या त्या कलमात, आहे. गंमत म्हणजे त्यातच पुढे म्हटलंय की दोघांपैकी एकाचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर लग्न चर्चमध्ये किंवा दुसऱ्या योग्य जागी लागू शकतं. म्हणजे कागदावर तुमचा दादा दोन कॅथलिकांपेक्षा मोकळा! पण योग्य जागा कोणती हे लॉनवाला ठरवत नाही. धर्मप्रांताचे, म्हणजे बिशपांच्या हद्दीचे, स्वतःचे नियम असतात, आणि लॉन किंवा हॉटेल म्हटलं की सरळ नाही म्हणणारे बिशपही आहेत. शेवटचा शब्द तुमच्याकडे आर्चबिशप हाउसचा, म्हणजे आर्चबिशपांच्या कार्यालयाचा.

जागेपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न हा चर्चच्या कायद्यात अडथळा मानतात (कॅनन १०८६). बिशपांकडून सूट घेतली नाही तर चर्चच्या लेखी ते लग्नच नाही. सूट सहसा मिळते. त्यासाठी वहिनीला वचन द्यावं लागेल की ती आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून होईल तेवढं करील. दादाकडून असं वचन घेत नाहीत, पण तिने काय कबूल केलंय ते त्याला सांगतात. हे आईच्या कानावर आत्ताच घाला. बारशाच्या वेळी कळलं तर जो तमाशा होईल त्यापुढे लॉनचा वाद काहीच नाही.

आणि सप्तपदी. त्याच लग्नाची संमती आधी किंवा नंतर दुसऱ्या धार्मिक विधीत द्यायला कॅनन ११२७ मध्ये मनाई आहे. हळद, मेंदी, उखाणे, रिसेप्शन, याला कोणी काही म्हणत नाही. पण तुमचा सकाळ-संध्याकाळचा बेत ऐकला तर फादर तिथेच थांबतील.

काळाकोट
कायद्याचं बघू. १८७२ च्या भारतीय ख्रिश्चन विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एक ख्रिश्चन असला तरी फादर लग्न लावू शकतात. या कायद्यात चर्चच्या इमारतीची अट आहे ती चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मगुरूंना, तीही पाच मैलांच्या आत चर्च असेल तर. कॅथलिक फादरांना ती लागू नाही. त्यांना अडवतो तो चर्चचा स्वतःचा कायदा. पास्टरांचे पंथ निराळे, त्यांचे नियम निराळे, म्हणून ती तुलना सोडा.

वेळेचं मात्र बघा. कलम १० प्रमाणे लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मध्येच लागतं. उशिरा लावायचं तर कॅथलिक फादरांकडे त्यासाठी बिशपांचा परवाना हवा. वरात नाचत नाचत साडेसातला पोचणार असेल तर आत्ताच विचार करा.

हिंदू विवाह कायद्याला दोघंही हिंदू लागतात, त्यामुळे तुमच्या सप्तपदीने कायद्याने लग्न होत नाही. विशेष विवाह कायद्याने करायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

सदरवाला
ताई, अ‍ॅडव्हान्स देऊ नका बाप्पा इतक्यात!

एक गोष्ट कोणी सांगितली नाही. फादरांचा अधिकार त्यांच्या पॅरिशच्या हद्दीपुरता असते. लॉन दुसऱ्या पॅरिशमध्ये येत असेल तर तिथल्या फादरांकडून वहिनीच्या फादरांना लग्न लावायचा अधिकार घ्यावा लागते. हे राहून गेलं तर लग्नच कच्चं. म्हणून जागा ठरवण्याआधी ती कोणत्या पॅरिशमध्ये येते ते विचारा.

लॉनच्या परवानगीच्या अर्जात कारण काय लिहिणार? "फोटो मस्त येतात" हे काही कारण नाही. तुमच्या आईला चर्चमध्ये का नको, ते खरंखरं काढा. नातेवाईक काय म्हणतील म्हणून असेल तर तेच लिहा. दुसऱ्या धर्माच्या घरच्यांना अवघड वाटू नये, हे कारण ऐकून घेतात. आडवळणाने सांगाल तर फादरांना वाटेल पोरीवर दबाव आहे.

तारखेचंही अवघड आहे. तुळशीच्या लग्नानंतर तुमचे मुहूर्त निघतात, पण नोव्हेंबर संपता संपता आमचा आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, लागतो, त्यात बरेच फादर लग्न टाळतात. मग तुमचा धनुर्मास. राहते संक्रांतीनंतरची खिडकी, तीही अ‍ॅश वेन्सडेपर्यंत. तो ४ फेब्रुवारी ते १० मार्चमध्ये कधीही येतो, कॅलेंडर बघून घ्या. नंतर आमचा उपवासकाळ, आणि तो संपेपर्यंत नागपूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये लॉनवर लग्न करायचं धाडस मी तरी करणार नाही.

संत्राबर्फी
सगळ्यांचे आभार. दादा-वहिनीला धागा वाचायला दिला. मुलांच्या बाप्तिस्म्याचं त्या दोघांचं आधीच बोलणं झालेलं होतं, फक्त आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं! आई दोन दिवस गप्प होती. आता म्हणते, सप्तपदी राहू दे, पण गोरज मुहूर्तावर लागू दे. जानेवारीच्या शेवटी नागपुरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे सातच्या आत बसतं. पण फादर मुहूर्त ऐकून घेतील का? आणि लॉनला नाही म्हणाले तर?

वसईकर
मुहूर्त सांगायची गरजच नाही, सहाची वेळ मागा. बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्न असतं तेव्हा बहुधा मिस्सा (चर्चमधली मोठी उपासना) नसते. वाचन, संमती, अंगठ्या, आशीर्वाद; अर्धा-पाऊण तासात आटपतं. त्यामुळे लॉनला नाही म्हणाले तरी फार बिघडत नाही. पाचला चर्च, मोजकी माणसं, आठला लॉनवर रिसेप्शन. नातेवाइकांना पत्रिका थेट रिसेप्शनची द्या.

सदरवाला
अगदी. आणि पहिल्या भेटीला नवरानवरी दोघंच जा. वहिनीने बाप्तिस्म्याचा दाखला सोबत ठेवावा, लग्नाच्या तयारीचा कोर्स कधी आहे ते तेव्हाच विचारावं. आईला दुसऱ्या भेटीला न्या. लॉनवाल्याला म्हणा, तारीख धरून ठेव, पैसे आर्चबिशप हाउसचं पत्र आल्यावर. जानेवारी हातचा जाईल म्हणून तो घाई करेल, तुम्ही करू नका.