नेपाळी रूममेट दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्यालाही घरी बोलली नाही. काय करू?

सातारी_सिडनीत: रॉकडेलला राहते. खोलीतली मुलगी नेपाळची, चितवनची. नर्सिंग शिकते, वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. नुकतंच त्यांचं दशैं झालं. आपल्या घटातल्या धानासारखा त्यांचा जमरा असतो. मागच्या वर्षी तिने डब्यात पेरला होता. यंदा नाही. टिका लावायच्या दिवशी घरचा व्हिडिओ कॉलही उचलला नाही.
काही विचारलं की "ठिकै छ". दोन विषय राहिलेत, फीसाठी वडिलांनी शेत गहाण टाकलंय, एवढंच एकदा बोलून गेली. युनिव्हर्सिटीतल्या समुपदेशकाचं नाव काढलं तर फाडकन, "म पागल हुँ र?" वर व्हिसा जाईल ही भीती.

निवांत_काका: विपश्यनेला पाठव दहा दिवस. बुद्ध त्यांच्याच लुंबिनीचा.

सातारी_सिडनीत: काका, ती आधीच गप्प आहे हो.

मेलबर्नची_नर्स: शब्द बदलून बघ. नेपाळीत मन वेगळं, दिमाग वेगळा. मन दुखलं असं कुणीही सांगतं. दिमाग बिघडला म्हटलं की घरादाराची लाज. आपल्याकडे तरी 'मनाला लागलं' आणि 'डोक्यावर परिणाम झाला' एकच आहे का? तेव्हा "मनात काय चाललंय" एवढंच विचार.
आणि जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचार. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. हो म्हणाली तर एकटी सोडू नकोस. लाइफलाइन ही इथली हेल्पलाइन, १३ ११ १४, चोवीस तास. तातडीचा धोका वाटला तर ०००. नेपाळी दुभाषा १३१ ४५० वर मिळतो.

व्हिसा_भोगलेला: समुपदेशकाशी बोलल्याने व्हिसा जात नाही. न सांगता वर्ग सोडले, तर मात्र कॉलेजला ते सरकारला कळवावं लागतं. खरं कारण असेल तर अभ्यासक्रम काही काळ थांबवता येतो, पण आधी अर्ज करावा लागतो. मी लाजेपायी तो केला नाही, पुढे वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या. ती कामाचे तास किती करते बघ. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ ची मर्यादा आहे. कर्ज असलं की पोरं ती ओलांडतात आणि मग कुणाशीच बोलायला घाबरतात.

सातारी_सिडनीत: काल पहाटे ती कामावरून आली तेव्हा चहा करून बसले होते. मनाचंच विचारलं. बराच वेळ रडली. जीव द्यायचंही विचारलं, माझेच हात कापत होते. नाही म्हणाली, पण "सकाळी उठूच नये असं वाटतं". मंगळवारची वेळ घेतलीय. दाराशी मी बसणार, ही तिची अट.