कोर्टापर्यंत न पोचलेल्या लोकांचा सर्व्हे करायचाय, फंडिंग कुठून मिळेल?

घणसोलीकर
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं जण (दोन वकील मैत्रिणी, एक रिटायर्ड बँकवाले काका आणि मी) दर रविवारी नवी मुंबईत घणसोलीला मोफत कायदे सल्ल्याचं टेबल लावतो. येणारे प्रश्न बहुतेक दिवाणी, म्हणजे घरमालक डिपॉझिट देत नाही, सातबाऱ्यावर वारसांची नावं लागत नाहीत, बिल्डरने सोसायटीला कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी नावावर) करून दिलं नाही, साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून (सिडकोने जमीन घेतल्याबद्दल परत दिलेला प्लॉट) भावाभावांत भांडण. मागच्या महिन्यात रजिस्टर चाळलं तर लक्षात आलं की यातले फारच थोडे लोक पुढे कोर्टात जातात, बाकीचे सोडून देतात. का सोडतात हे आम्हीसुद्धा कधी नीट विचारलं नाही. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर, म्हणजे कोर्टांच्या केसेसच्या सरकारी वेबसाइटवर, ठाणे जिल्ह्यात किती केसेस किती वर्षं पडून आहेत ते घरबसल्या दिसतं, पण ज्याने दावाच लावला नाही तो माणूस त्या आकड्यात कुठेच नाही.

तर घणसोली, रबाळे, कोपरखैरणे, तुर्भे इथे घरोघरी जाऊन विचारायचंय. फॉर्म भरणाऱ्या मुलांचं मानधन, प्रवास, छपाई, डेटा एंट्री एवढाच खर्च, पण तो आमच्या खिशातून होणारा नाही. दोन ठिकाणी विचारलं तर म्हणाले आरोग्य किंवा शिक्षण असेल तर या. असल्या कामाला पैसे कोण देतं?

कोर्टनाका_वकील
ताई, तळमळ कळते पण स्पष्ट बोलतो. पैसे मिळणारच असतील तर सर्व्हेत कशाला घालायचे? ठाण्याच्या कोर्टात रोज बघतो, लोकांना वकील हवा असतो, फॉर्म भरणारा नको. आणि सोय आहे हो. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, कलम 12, बाई असेल तर उत्पन्न कितीही असो सरकारी खर्चाने वकील मिळतो, दिवाणी कामाला पण. 15100 वर फोन करायचा नाहीतर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा. हे लोकांना सांगा आधी.

घणसोलीकर
सर, सांगतोच की. पण एक उदाहरण देते. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या, नवरा गेल्यावर दिराने खोलीचे कागद ठेवून घेतलेले. मोफत वकील मिळतो हे त्यांना दोन वर्षं आधीपासून माहीत होतं! तरी गेल्या नाहीत, कारण बेलापूरला तारखेला गेलं की त्या दिवशीची चार घरं बुडतात, आणि दिराविरुद्ध कागद गेला तर गावी कुणी उभं करणार नाही अशी भीती. म्हणजे अडचण वकिलाची नव्हतीच. अशा किती मावशी आहेत ते मोजल्याशिवाय सोय नेमकी कुठे करायची ते कसं ठरवणार?

खारघर_रिसर्च
मी याच विषयात काम करते म्हणून सविस्तर लिहिते. तुमचा मुद्दा बरोबर आहे. बेंगळुरूच्या दक्ष संस्थेने 2016 मध्ये 9,000 हून जास्त पक्षकारांशी बोलून मोठा सर्व्हे मांडला, फार मोलाचं काम, पण ती माणसं कोर्टाच्या आवारात भेटलेली, म्हणजे पोचलेली. इंग्लंडमध्ये हेझल जेन यांनी 1999 मध्ये उलट्या बाजूने सुरुवात केली, सामान्य लोकांना आधी अडचणी विचारल्या, कायद्याचं नाव नंतर, आणि त्याला पैसे नफील्ड फाउंडेशनचे होते. अमेरिकेत लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनने (गरिबांच्या कायदे मदतीला पैसे देणारी संस्था) 2022 मध्ये सांगितलं की गरिबांच्या मोठा परिणाम करणाऱ्या दिवाणी अडचणींपैकी 92 टक्क्यांना पुरेशी कायदेशीर मदत मिळत नाही किंवा अजिबात मिळत नाही, आणि हा आकडा घेऊन ते तिथल्या संसदेकडे बजेट मागतात. वकीलसाहेब, सर्व्हेचा उपयोग हा असतो, वकिलांसाठी पैसे मागायलाच तो कामी येतो.

आता फंडिंग. आयसीएसएसआर (समाजशास्त्रांच्या संशोधनाला पैसे देणारी केंद्र सरकारची परिषद) घ्या, पण तिथे मान्यताप्राप्त संस्थेतर्फेच अर्ज जातो, एकट्याने जमत नाही, म्हणून एखाद्या लॉ कॉलेजच्या किंवा समाजशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घ्या. परदेशी पैशाच्या मागे लागू नका, एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची सरकारी नोंदणी) नसेल तर घेता येत नाही आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला ते पैसे पुढे तुमच्यासारख्या छोट्या गटाला देता येत नाहीत. सीएसआरमध्ये (कंपन्या समाजकार्याला देतात ते पैसे) टीटीसी पट्ट्यातल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, कंपन्यांना विचारा, पण अर्जात 'संशोधन' शब्द पुढे करू नका, विषमता कमी करणं हे कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, तिथून मांडा. आणि पैसे येईपर्यंत थांबू नका, रजिस्टरमधल्याच पन्नास घरांचा पायलट (छोटा चाचणी सर्व्हे) करा, हातात काहीतरी असलं की देणारा ऐकतो.

कोपरखैरणे_से_१९
मी त्या न गेलेल्यांपैकी एक. 60 हजार डिपॉझिट अडकलं, मालक आज देतो उद्या देतो करत राहिला, मी कामावर शिफ्टमध्ये, कोर्टात पाय कसा ठेवायचा तेच माहीत नाही. कुणीतरी सांगितलं दावा लाव तेव्हा वकील म्हणाले तीन वर्षांची मुदत उलटली. मुलीच्या कॉलेजचे पैसे होते ते. तुमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न नक्की घाला, "मुदत असते हे तुम्हाला कधी कळलं?" आणि दुपारी येऊ नका, रात्री आठनंतर या, तेव्हाच माणसं घरी असतात.

कोर्टनाका_वकील
हे वाचून बरं वाटलं नाही. मुदत गेलेले लोक माझ्याकडे दर महिन्याला येतात आणि मी त्यांना परत पाठवतो, कुठे लिहून ठेवत नाही. ताई, यापुढे लिहून ठेवतो, नाव न घेता, फक्त कशाची केस आणि किती उशीर झाला. तुमच्या पायलटला चालेल ना? एक मात्र करा, फॉर्मवर समोरच्या पार्टीचं नाव घेऊ नका, उद्या कुणी बदनामीची नोटीस पाठवेल.

घणसोलीकर
चालेल काय सर, धावेल! आणि दादा, तुमचा प्रश्न पहिल्या पानावर घेतेय. खारघर ताई, प्रश्नावली रविवारपर्यंत कच्ची तयार करते, तुम्ही एकदा नजर टाकाल का?